सवडीचा दर: इंदूरच्या एका नऊवारी-शिलाई दुकानाचे प्रकरण

मंदीत सणासुदीची सूट द्यावी की नाही, हा प्रश्न तयार माल विकणाऱ्या व्यापाऱ्याला आणि मागणीप्रमाणे वस्तू बनवून देणाऱ्या लहान व्यावसायिकाला एकाच शब्दांत विचारला जातो. दोघांच्या हिशेबाची मांडणी मात्र इतकी वेगळी असते की, शेजारच्या दुकानाची पाटी पाहून दुसऱ्याने निर्णय घेतला तर तो बहुधा अंगाशी येतो. पुढे मांडलेले प्रकरण इंदूरच्या रामबाग भागातील एका शिलाई-दुकानाचे असून त्यातला मुख्य काळ २०२५ च्या आषाढापासून कार्तिकापर्यंतचा आहे. या दुकानाचे जमाखर्च मी पाहतो. ओळख पटू नये म्हणून व्यक्तींची नावे दिलेली नाहीत आणि रकमा जवळच्या सोयीच्या आकड्यांपर्यंत आणल्या आहेत. त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण मात्र तसेच ठेवले आहे.

दुकान आणि त्याचा खर्च

तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत हे दुकान चालते. पुढे गिऱ्हाइकांची बैठक आणि माप घेण्याची जागा, मागे मशीन. ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी अशा पद्धतींच्या शिवलेल्या नऊवारी हे मुख्य काम असून साडी बहुतेक वेळा गिऱ्हाइकाचीच असते. त्याच्या जोडीला अस्तराचे आणि पॅडचे ब्लाउज, लहान मुलींच्या नऊवारी, मुंजीच्या बटूसाठी सोवळे आणि अंगरखा अशी कामे येतात. आरीकाम दुकानात होत नाही. ते बाहेर बंगाली कारागिरांकडे जाते आणि त्याची मजुरी गिऱ्हाइकाकडून वेगळी, जशीच्या तशी घेतली जाते, म्हणून पुढच्या हिशेबात ती धरलेली नाही. गिऱ्हाईक मुख्यतः शहरातील मराठी कुटुंबांचे. थोडे देवास, उज्जैन आणि महूहून येणारे. अलीकडे हळदीच्या किंवा संगीताच्या कार्यक्रमासाठी हौसेने नऊवारी शिवून घेणारी बिगर-मराठी घरेही त्यात आली आहेत.

माप घेणे आणि बेतणी ही दोन्ही कामे मालकीणबाई स्वतः करतात. शिलाई मात्र दोन प्रकारच्या हातांनी होते. दोन कारागीर महिना पगारावर दुकानातच बसतात आणि काम असो वा नसो, त्यांचा पगार द्यावाच लागतो. त्यांच्या आवाक्यापलीकडचे काम परदेशीपुरा आणि नंदानगर या गिरणी-वस्त्यांतल्या तीन-चार कारागिरांच्या घरी जाते आणि त्यांना नगावर मजुरी मिळते. ही विभागणी वरवर किरकोळ वाटते, पण सबंध प्रकरण तिच्यावर उभे आहे.

आता आकडे. सरासरी बिल १,२०० रुपयांचे होते. अस्तर, कॅनव्हास, हुक, नाडी, दोरा, पिको-फॉल आणि इस्त्री मिळून त्यातले २२० रुपये जातात. काम पगारी कारागिराने केले तर उरलेले ९८० रुपये दुकानाच्या हाती राहतात, कारण एक नग जास्त शिवल्याने त्याचा पगार वाढत नाही. तेच काम नगावर बाहेर दिले तर आणखी ३८० रुपये मजुरी जाऊन ६०० उरतात. महिन्याचा बांधील खर्च ५५,००० रुपये: भाडे १५,०००, दोघांचे पगार ३४,०००, आणि वीज, मशीनची देखभाल, फोन वगैरे ६,०००. दोन पगारी कारागीर मिळून महिन्याला सुमारे ७५ नग काढतात. साधारण वर्षात सात महिने गर्दीचे, म्हणजे दीडशे नगांच्या आसपासचे, आणि पाच महिने मंद, म्हणजे पंचाहत्तरच्या आसपासचे असतात. वर्षाची उलाढाल १७ लाखांच्या घरात जाते आणि सगळे खर्च भागून मालकीणबाईंच्या हाती महिन्याला सरासरी ४५,००० रुपये राहतात. व्यवसाय मोठा नाही, पण घर चालवण्याइतका आहे.

मागणी कुठे गेली

जुलै २०२५ मध्ये नेहमीच्या ७५ ऐवजी ४५ नगांचे काम आले. त्या महिन्यात हाती ४४,१०० रुपये आले आणि बांधील खर्चही भागला नाही. १०,९०० रुपये पदरचे घालावे लागले.

कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. २०२४ च्या सुरुवातीला दहा ग्रॅम सोन्याचा भाव ६३,००० रुपयांच्या आसपास होता. एप्रिल २०२५ मध्ये तो एक लाखाला पोचला आणि त्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत सव्वा लाखाच्याही वर गेला. लग्नघरात मंगळसूत्र आणि पाटल्या किती तोळ्यांच्या, हे आधीच बोललेले असते आणि त्यातून मागे येणे अवघड असते. मग काटकसर होते ती कपड्यांत, आणि तीही नवरीच्या नव्हे, तर भोवतालच्या माणसांच्या. पूर्वी एका लग्नघरातून नवरी, करवली, काकू, आत्या, मावशी अशा पाच-सहा नऊवारी शिवायला येत. आता दोन येतात.

इथे मालकीणबाईंच्या एका सवयीचा उपयोग झाला. चौकशी करून काम न देता परत गेलेल्या बायकांनी काय कारण सांगितले, ते त्या एका वहीत टिपून ठेवतात. जून आणि जुलै मिळून अशा ३२ नोंदी होत्या. लग्नाची तारीख अजून पक्की नाही असे ११ जणींनी सांगितले, भाड्याने नऊवारी आणू असे आठ जणींनी, आणि जुनीच सैल किंवा घट्ट करून हवी आहे असे सहा जणींनी. दर जास्त वाटला असे म्हणणाऱ्या सात निघाल्या. संकोचाने खरे कारण न सांगणाऱ्या काही जणी यात असतील हे धरले, तरी मागणी घटली म्हणजे सगळे गिऱ्हाईक दराला बिचकून गेले असे या वहीवरून म्हणता येत नाही. ज्या घरातल्या लग्नाची तारीखच ठरलेली नाही, त्या घराला २० टक्के सूट सांगून उपयोग काय? माझ्या मते सूट ठरवण्याआधी प्रत्येक लहान व्यावसायिकाने अशी वही दोन महिने तरी ठेवावी. तिच्याशिवायची चर्चा अंदाजांवर चालते.

घरातली तीन मते

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मालकीणबाईंच्या घरी यावर बोलणे झाले, तेव्हा मी हिशेबाच्या वह्या घेऊन तिथे होतो. मुलाचे म्हणणे असे की, श्रावणापासून नोव्हेंबरअखेर सरसकट २० टक्के सूट जाहीर करावी आणि दुकानाबाहेर तशी पाटी लावावी, कारण आसपासच्या दोन दुकानांनी ती लावली होती. बँकेतून निवृत्त झालेल्या यजमानांचा सूट या गोष्टीलाच विरोध होता. एकदा उतरवलेला भाव पुन्हा चढवायला गेलो की जुने गिऱ्हाईकही तोंड फिरवते, असे त्यांचे मत. मालकीणबाई दोघांचे ऐकून घेत होत्या. त्यांना रिकामी बसलेली मशीन दिसत होती आणि महिनाअखेरचे पगारही दिसत होते.

मुलाने आणखी एक गोष्ट सुचवली होती, ती तिथेच निकालात निघाली. सुटीचा काही भार नगावरच्या कारागिरांनी उचलावा, म्हणजे ३८० ची मजुरी ३३० करावी, असे तो म्हणाला. मालकीणबाईंनी त्याला एका वाक्यात थांबवले: “त्यांना उद्या परदेशीपुऱ्यातल्या रेडिमेडवाल्यांनी बोलावलं तर ते जातील, आणि लग्नसराईत मी कुणाकडून शिवून घेऊ?” इंदूरमध्ये तयार कपड्यांचे कारखाने मोठ्या प्रमाणावर आहेत, परदेशीपुऱ्यात तर रेडिमेड गारमेंट संकुलच आहे, आणि हात असलेल्या कारागिराला तिथे नगावर काम मिळू शकते. लहान दुकानांच्या सुटी बहुतेक वेळा कारागिराच्या मजुरीतूनच निघतात, हे मी बऱ्याच वह्यांत पाहिले आहे. गिऱ्हाइकाला ते कळत नाही आणि दुकानदार ते बोलून दाखवत नाही.

हिशेब

सरसकट सुटीचे आकर्षण कुठून येते ते आधी पाहू. शीतलामाता बाजारातला किंवा महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधला व्यापारी सेल लावतो, तेव्हा त्याच्या गाठीला माल पडून असतो. त्या मालात पैसा अडकलेला असतो, त्यावर व्याज चढत असते, पुढच्या हंगामात रंग आणि काठ जुने ठरणार असतात. २० टक्के सोडून जरी माल उठला तरी अडकलेले भांडवल मोकळे होते आणि नवा माल भरता येतो. त्याच्या दृष्टीने तो तोटा नसून सुटका असते.

मागणीप्रमाणे शिवून देणाऱ्या दुकानात पडून राहील असा माल नसतोच. चार ताग्यांचे अस्तर आणि हुकांचे डबे, एवढाच साठा. इथे वाया जातो तो पगारी कारागिराचा दिवस. जुलैतला रिकामा दिवस राखून ठेवून नोव्हेंबरात वापरता येत नाही. नगावर काम करणाऱ्या कारागिराचा रिकामा दिवस मात्र दुकानाला रुपयांत काहीच लागत नाही. त्याची झळ त्या कारागिराच्या घराला लागते. त्यामुळे सूट देऊन आपण नेमके काय वाचवतो आहोत, या प्रश्नाचे उत्तर काम कोणत्या हातांकडे जाणार यावर अवलंबून राहते. ज्या कारखान्यात सगळेच नगावर आहेत, मग तो फर्निचरचा असो की देवघरांचा, तिथे मंद महिन्यात सूट देण्याला हिशेबाचा आधारच उरत नाही.

मंद महिन्यापुरती २० टक्के सूट धरून पाहिली. बिल १,२०० चे ९६० होते. सर्व काम पगारी हातांत असल्याने ९८० ऐवजी ७४० रुपये हाती राहतात. सूट नसतानाही आले असते ते ४५ नग धरले, तर त्यांच्यावर प्रत्येकी २४० प्रमाणे १०,८०० रुपये सोडावे लागतात. ते भरून काढायला १५ नग जास्तीचे यायला हवेत, आणि रिकामी जागा तर ३० नगांची आहे. म्हणजे जुलै-ऑगस्टसारख्या महिन्यात मुलाचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते.

नोव्हेंबरचे गणित मात्र उलटे निघाले. मंदीमुळे १५० ऐवजी ११० नग येतील असा आमचा अंदाज होता. सूट न देता हे ११० नग आले, तर ७५ पगारी हातांतून आणि ३५ नगावर होऊन, बांधील खर्च वजा जाता ३९,५०० रुपये राहतात. आता २० टक्के सूट दिली आणि तिचा इतका परिणाम झाला की गेलेले चाळीसच्या चाळीस नग परत आले, असे मानू. पगारी हातांतल्या ७५ नगांवर ७४० प्रमाणे ५५,५०० आणि नगावरच्या ७५ वर ३६० प्रमाणे २७,००० मिळून ८२,५०० होतात. त्यातून ५५,००० गेले की उरतात २७,५००. सुटीने शंभर टक्के यश मिळवूनही दुकान १२,००० रुपयांनी मागे राहते, आणि मालकीणबाईंनी चाळीस मापे, चाळीस बेतण्या आणि चाळीस ट्रायल जास्तीच्या केलेल्या असतात. हा आकडा कागदावर मांडला, तेव्हा मुलाने बेरीज दोनदा तपासून पाहिली.

यजमानांना हे ऐकून बरे वाटले असावे. पण तिसरी बेरीज त्यांच्याही विरुद्ध गेली. नोव्हेंबरात येणारे एखादे काम त्याच गिऱ्हाइकाने ऑगस्टमध्ये दिले, तर काय होते? नोव्हेंबरात ते नगावर बाहेर जाणार, म्हणजे पूर्ण दर घेऊनही ६०० रुपयेच हाती राहणार. ऑगस्टमध्ये ते पगारी कारागिराच्या रिकाम्या वेळात होणार. तिथे १५ टक्के सूट दिली तरी बिल १,०२० चे होते आणि २२० जाऊन ८०० रुपये राहतात. म्हणजे एकही नवे गिऱ्हाईक आले नाही, फक्त जुने गिऱ्हाईक तीन महिने अलीकडे आले, तरी दुकानाला प्रत्येक नगामागे २०० रुपये जास्त मिळतात. सूटच नको म्हणणाऱ्याच्या नजरेतून हे निसटते.

ठरले ते

नोव्हेंबर पूर्ण दराने ठेवायचा आणि सूट द्यायची ती मालावर किंवा सणावर न देता गिऱ्हाइकाच्या सवडीवर द्यायची, असे ठरले. जे गिऱ्हाईक पितृपंधरवड्याआधी माप देईल, निम्मी रक्कम आगाऊ भरेल आणि काम सहा आठवड्यांच्या आत कोणत्याही दिवशी घ्यायला तयार असेल, त्याला बिलात १५ टक्के कमी. महिन्याला असे ३० नगच घ्यायचे, कारण रिकामी जागा तेवढीच. गणपतीसाठी किंवा ठरावीक तारखेला हवे असलेले काम पूर्ण दराने. त्या वर्षी गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, त्यामुळे ज्यांना गौरी-गणपतीत नेसायची होती त्यांना सहा आठवडे थांबणे शक्यच नव्हते. पूर्ण दर देणारे आणि सवडीचे गिऱ्हाईक आपोआप वेगळे झाले, कुणाला काही समजावून सांगावे लागले नाही.

जूनमध्येच नोव्हेंबरच्या लग्नासाठी पूर्ण दराने आगाऊ पैसे भरलेल्यांचे काय, हा प्रश्न मालकीणबाईंनी स्वतःहून काढला. इंदूरच्या मराठी समाजात हळदीकुंकू, गणेशोत्सव आणि लग्ने यांच्या निमित्ताने सगळ्या जणी एकमेकींना भेटतात, आणि तिला किती पडले, मला किती पडले, हे दोन दिवसांत कळते. म्हणून काम लवकर नेण्याची तयारी असेल तर त्यांनाही तोच दर द्यायचे ठरले. बाहेर पाटी लावली नाही. माप घेताना सांगायचे आणि जुन्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर कळवायचे, एवढेच.

दर आधी १,४०० करून मग त्यावर सूट दाखवण्याची युक्ती बाजारात सर्रास चालते. मागणीप्रमाणे शिवून देण्याच्या धंद्यात छापील किंमत नसल्याने ती आणखी सोपी असते. पण वस्तू किंवा सेवा सामान्यतः ज्या किमतीला विकली जाते तिच्याबद्दल लोकांची दिशाभूल करणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ प्रमाणे अनुचित व्यापार प्रथा ठरते. शिवाय जुन्या गिऱ्हाइकाकडे गेल्या वर्षीचे बिल असतेच.

झाले ते

ऑगस्टमध्ये पूर्ण दराची ४६ आणि सवडीच्या दराची १९ अशी ६५ कामे आली. पहिल्यांवर ४५,०८० आणि दुसऱ्यांवर १५,२०० रुपये हाती राहिले. खर्च भागून ५,२८० रुपये उरले. सवडीची कामे आली नसती तर जुलैप्रमाणेच सुमारे दहा हजारांची तूट आली असती. एकोणीसपैकी सात जणी जुन्या गिऱ्हाईक होत्या आणि आपण तशाही नोव्हेंबरात येणारच होतो असे त्यांनी सांगितले. त्यात जूनमध्ये पैसे भरलेल्या तिघी होत्या. उरलेल्या बारा जणी पहिल्यांदा किंवा फार दिवसांनी आल्या होत्या. सर्वांत वाईट शक्यता धरून, एकोणीसच्या एकोणीस जणी नोव्हेंबरात पूर्ण दराने आल्या असत्या असे मानले, तरी तेव्हाचे ११,४०० सोडून आताचे १५,२०० मिळाले, म्हणजे ३,८०० रुपयांचा फायदाच राहिला.

सप्टेंबरने मात्र निराशा केली. ८ ते २१ हा पितृपंधरवडा, त्यात नवे कापड कुणी शिवायला टाकत नाही, आणि त्याआधीच्या आठवड्यात फक्त चार सवडीची कामे आली. तो पंधरवडा मशीनच्या दुरुस्तीला आणि कारागिरांच्या रजेला देणे, एवढेच शहाणपणाचे होते. त्या चारांपैकी दोन कामे नवरात्राच्या गर्दीत अडकली आणि सहा आठवड्यांची मुदत उलटून गेली. त्यावरून बोलणी खावी लागली. दुसरी अडचण मापाची. नोव्हेंबरात लग्न असलेल्या मुलीचे माप ऑगस्टमध्ये घेतले की मधल्या काळात ती बारीक होते, कधी मुद्दाम होते, आणि ब्लाउज खांद्याला आणि छातीला सैल पडतो. शिवणीत कापड राखून ठेवले तरी दुरुस्तीचा वेळ ऐन गर्दीतच द्यावा लागतो. नऊवारीला कमरेला नाडी असल्याने हा त्रास होत नाही. सवडीच्या दरातून नवरीचे ब्लाउज आधीच वगळायला हवे होते.

मध्येच जीएसटीचा प्रश्न आला. स्वातंत्र्यदिनी दरकपातीची घोषणा झाली आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून नवे दर लागू झाले. २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर कर ५ टक्के आणि त्यावरच्यांवर १२ चा १८ टक्के झाला. गिऱ्हाईक विचारू लागले, “काकू, तुम्ही किती कमी केलेत?” शिलाई ही सेवा, आणि सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर मध्य प्रदेशात नोंदणी लागत नाही. त्यामुळे हे दुकान मुळात बिलावर कर घेतच नव्हते, तर कमी काय करणार? हे प्रत्येकीला समजावून सांगण्यात बराच वेळ गेला.

नोव्हेंबरात १०४ नग आले. ३५,९०० रुपये उरले; आदल्या वर्षी याच महिन्यात ६३,५०० उरले होते. सवडीच्या दराने मंदी हटली नाही, हे स्पष्टच आहे. त्याने मंद महिन्यातली तूट भरून निघाली आणि गर्दीच्या महिन्यातले उत्पन्न कापले गेले नाही. २० टक्के सूट देऊन दीडशे नग केले असते तर २७,५०० उरले असते, या तुलनेत ३५,९०० बरे.

पण या निर्णयाची एक बाजू मला अजूनही खटकते. नोव्हेंबरात नगावर फक्त २९ कामे गेली. तीन-चार घरांत मिळून ११,००० रुपयांच्या आसपास मजुरी वाटली गेली. सरसकट सूट देऊन दीडशे नग झाले असते तर ती २८,५०० झाली असती. दुकानासाठी तोट्याचा असलेला पर्याय कारागिरांसाठी फायद्याचा होता. शिवाय सवडीच्या दराने जी कामे नोव्हेंबरातून ऑगस्टमध्ये ओढली, ती त्यांच्याच वाट्याची होती. मजुरीला हात लावायचा नाही हे मालकीणबाईंनी पाळले, तरी काम कमी झाल्याने कमाई घटलीच. डिसेंबरच्या मध्यापासून धनुर्मास आणि शुक्राचा अस्त यांमुळे मुहूर्तच नव्हते. नगावरचे दोन कारागीर रेडिमेडच्या कामाला गेले. फेब्रुवारीत लग्ने सुरू झाल्यावर त्यांपैकी एकच परत आला. त्या महिन्यात सात कामे नाकारावी लागली, आणि मंदीत काम नाकारावे लागणे यासारखी चुटपुट दुसरी नाही.

मुलाचा मुद्दा आणि पुढचे वर्ष

मुलाचा सर्वांत बळकट मुद्दा आमच्या पहिल्या बैठकीत नीट मांडलाच गेला नव्हता. शिलाईच्या धंद्यात पहिले काम नेहमीच महाग पडते. माप, खाका, दोन ट्रायल, मनासारखा गळा बसेपर्यंतची खळखळ, हे सगळे पहिल्याच वेळी होते. दुसऱ्या वेळी वहीतले माप काढून थेट बेतायला घेता येते. तेव्हा पहिल्या कामावर थोडे सोडून गिऱ्हाईक जोडणे हा खर्च पुढे फिटू शकतो. ऑगस्टमधल्या त्या बारांपैकी चौघींनी फेब्रुवारीअखेरपर्यंत पुन्हा पूर्ण दराने काम दिले. एवढ्यावरून नियम बांधता येणार नाही, पण मुलाचे म्हणणे बाजूला सारण्याइतके पोकळ नाही हेही खरे. सरसकट सूट आणि पहिल्या कामापुरती सवलत या दोन गोष्टी त्याने सुरुवातीला एकत्र मांडल्या, म्हणून त्या दोन्ही एकदमच नाकारल्या गेल्या.

२०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ. उन्हाळ्याच्या ऐन लग्नसराईत महिनाभर मुहूर्त नाहीत आणि त्यानंतर २५ जुलैच्या आषाढी एकादशीला चातुर्मास लागण्यापूर्वीच्या थोड्या आठवड्यांत सगळी लग्ने एकत्र येतात. सवडीच्या दराला यापेक्षा सोयीचा महिना मिळणार नाही: अधिक महिन्यात शिवून ठेवायचे आणि निज ज्येष्ठात न्यायचे. अटी तशाच ठेवल्या आहेत. नवरीचे ब्लाउज वगळले आहेत आणि पहिल्यांदा येणाऱ्या गिऱ्हाइकाला तारखेची अट न घालता पहिल्या नऊवारीवर १० टक्के कमी करण्याचे मुलाचे म्हणणे त्या महिन्यापुरते मान्य झाले आहे. कोण कुणाच्या सांगण्यावरून आले, याची नोंद त्याने ठेवायची आहे.

एक बदल मालकीणबाईंनी स्वतः केला. तीस सवडीच्या नगांपैकी दहा नग नगावरच्या कारागिरांकडे पूर्ण ३८० मजुरीने द्यायचे. त्या दहांवर दुकानाला प्रत्येकी ८०० ऐवजी ४२० रुपये मिळतील, आणि दुकानात पगारी कारागिराचे हात तेवढा वेळ रिकामे राहतील. यजमानांनी विचारले की हे ३,८०० रुपये सोडण्याचे कारण काय, तेव्हा जूनच्या उत्तरार्धात कारागीर हाताशी हवेत एवढेच त्यांनी सांगितले. फेब्रुवारीत नाकारलेल्या सात कामांचे पान त्यांनी वहीत दुमडून ठेवले होते. हा खर्च मी जमाखर्चात सुटीखाली धरलेला नाही. मजुरीच्या खात्यावर वेगळी ओळ काढून लिहिला आहे, म्हणजे जुलैत तो फिटला की नाही ते पाहता येईल.